मागणी घालताना द्यायची तात्पुरती अंगठी: कशी असावी?

उंबरठा

मंडळी, एका नाजूक कामासाठी सल्ला हवा आहे. प्रपोज करायचं पक्कं आहे. उत्तर काय येणार याचीही साधारण कल्पना आहे, कारण लग्नाबद्दल आमचं बोलणं झालेलं आहे. फक्त कधी आणि कसं विचारणार हे तिला माहीत नाही. तेवढंच गुपित मला जपायचंय.

अडचण अंगठीची. ही बाई साधं कानातलं घेताना दुकानातला प्रत्येक ट्रे पालथा घालते. रोज हातात राहणारी, जन्मभराची वस्तू मी एकट्याने निवडावी आणि तिने ती गोड मानून घ्यावी हे मला पटत नाही. म्हणून बेत असा: विचारताना एक तात्पुरती अंगठी द्यायची, आणि खरी नंतर दोघांनी मिळून, हवा तेवढा वेळ घेऊन निवडायची.

आता ही तात्पुरती कशी असावी? हिऱ्यासारखी दिसणारी, म्हणजे अमेरिकन डायमंड किंवा मॉइसनाइट? साधं चांदीचं वळं? की सरळ काहीतरी गमतीचं? बोटाचं माप चोरून कसं घेतात? आणि खरी आली की या बिचारीचं काय करायचं? अनुभव असलेल्यांनी लिहा. अनुभव नसलेले लिहिणारच आहेत.

दीडशहाणा

अनुभव नसलेला हजर. अंगठी हवीच कशाला? तोंडाने विचार. हो म्हणाली की दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात. प्रश्न मिटला, धागाही मिटला.

उंबरठा

विचारताना हातांचं काय करायचं हा माझा खरा प्रश्न आहे. हातात काहीतरी असलं की धीर येतो.

तिरपागडा

किल्ल्यांची कडी. किल्ल्यांसकट. घर तुझंच आहे हेही त्यातच सांगून होतं.

भुईचाफा

मी यातून गेले आहे, पण पलीकडच्या बाजूने. मला मिळालेली तात्पुरती अंगठी हुबेहूब खऱ्यासारखी होती. मोठा चौकोनी खडा, भोवती बारीक खड्यांची झालर. ती तात्पुरती आहे हे नवऱ्याने (तेव्हा व्हायचा होता) मला सांगितलं ते परतीच्या वाटेवर, अगदी सावकाश. तोवर माझं काय चाललं होतं? हो म्हणून झालं होतं, आनंद शंभर टक्के खरा होता, आणि डोक्यात एकीकडे हिशेब चालू होता की हा चौकोनी खडा मला मुळीच आवडलेला नाही हे याला कधी सांगू आणि कोणत्या शब्दांत. शिवाय याने यावर किती उधळले असतील ही धास्ती वेगळीच. त्याने खुलासा केल्यावर मला इतकं हायसं वाटलं की त्याला वाटलं मी रडतेय.

तेव्हा माझं मत ठाम आहे. तात्पुरती अंगठी बघताक्षणी तात्पुरती दिसली पाहिजे. हिऱ्याची नक्कल तर अजिबात नको. आणि 'ही तात्पुरती, खरी तू निवडायचीस' हे वाक्य त्याच दमात आलं पाहिजे. फोटो काढून झाल्यावर, घरी फोन करून झाल्यावर नाही. एकदा आईला फोनवर 'हिऱ्याची आहे' असं सांगून झालं की मग ते निस्तरायचं कोणी?

कातळ

मला हा प्रकारच पटत नाही. मागणी घालणं हा आयुष्यातला एक गंभीर क्षण, आणि त्या क्षणी हातात ठेवणार काय, तर नंतर फेकून द्यायची वस्तू? चार महिने जास्त पैसे साठवा, तिच्या मैत्रिणीला विश्वासात घ्या आणि नीट एकच अंगठी द्या. आवडनिवड कळत नसेल तर इतकी वर्षं सोबत राहून केलंत काय?

भुईचाफा

@कातळ, आवडनिवड कळते म्हणूनच तर तो निवडायला जात नाहीये. 'हिला स्वतः निवडायला आवडतं' ही आवडनिवडच झाली की.

टाकणखार

दागिने घडवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे जरा लांबण लावतो. कंटाळा आला तर खाली सरका.

आधी धातू. तात्पुरत्या कामाला ९२५ चांदी उत्तम. हजारात ९२५ भाग चांदी, उरलेलं बहुधा तांबं. नुसती शुद्ध चांदी फार मऊ असते, म्हणून तांबं मुद्दाम घालतात. हवेतल्या गंधकाने ती काळवंडते, पण पुसली की पुन्हा उजळते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माप चुकलं तर दुरुस्त होते. कापायची, तुकडा घालायचा, डाख लावायचा, मोठी झाली. लहान करणं त्याहून सोपं. याउलट टंगस्टन कार्बाइडची अंगठी दिसायला झकास, ओरखडा सहसा पडत नाही, पण तिचं माप बदलता येत नाही आणि फरशीवर जोरात आपटली तर तडकूही शकते. टायटॅनियमचं माप बदलायलाही बहुतेक कारागीर नाही म्हणतात. भोवती गोल खड्यांची अखंड रांग असलेली अंगठीही टाळा. कापायला रिकामी जागाच नसते तिच्यात.

पितळेवर किंवा तांब्यावर सोन्याचं पाणी दिलेली घेऊ नका. पाणी झिजलं की घामाने तांब्याचे क्षार तयार होतात आणि बोटाला हिरवा पट्टा उमटतो. धुतला की जातो, अपाय काही नाही, पण नव्या नवरीच्या... असो, कोणाच्याच बोटाला तो शोभत नाही.

आता खडा. मोहसच्या कठीणतेच्या पट्टीवर हिरा १०, मॉइसनाइट ९.२५, माणिक-नीलम ९, अमेरिकन डायमंड म्हणजे क्युबिक झिरकोनिया ८ ते ८.५, स्फटिक ७, काच साडेपाचच्या आसपास. हे आकडे का लक्षात ठेवायचे? तर साध्या धुळीत स्फटिकाचे कण असतात. सातच्या खालचं काहीही रोज हातात घातलं की नुसती धूळ पुसतानाही चरे पडू शकतात. ओपल साडेपाच ते साडेसहा, मोती तर अडीच ते साडेचार. म्हणून मोत्याची अंगठी कितीही गोड दिसली तरी रोजच्या वापराला दगा देते. पण तुमची अंगठी काही महिनेच वापरायची आहे ना? मग अमेरिकन डायमंड सहज टिकेल. वर्षानुवर्षं घातला तर त्याच्या पैलूंच्या कडा बोथट होतात आणि खडा मंद दिसू लागतो.

भुईचाफा म्हणतात ते मला कारागीर म्हणूनही पटतं. नक्कल करायचीच नसेल तर सगळे पर्याय मोकळे होतात. रंगीत खडा घ्या. स्पिनेल, निळा पुष्कराज (टोपाझ), दोन्ही ८. फक्त पुष्कराज ठोकर लागली तर एका प्रतलात चिरतो, तेव्हा त्याला कडेने धातूची पूर्ण चौकट असलेलं कोंदण बघा.

तिरपागडा

टाकणखार साहेब, किल्ल्यांच्या कडीची कठीणता किती?

टाकणखार

पोलाद असेल तर काचेवर ओरखडा पाडेल इतकी. आणि माप बदलायला माझ्याकडे आणू नका.

वाचनमात्र

आजवर फक्त वाचत होतो, हा विषय बघून खातं उघडून पहिला प्रतिसाद. मापाबद्दल: ती झोपली की बोटाला दोरा गुंडाळायचा, जिथे टोकं जुळतात तिथे खूण करायची, दोरा पट्टीवर ठेवून मोजायचा. बिनखर्चाचं आणि बिनबोभाट.

टाकणखार

दोऱ्याचा सल्ला सगळेच देतात आणि दुरुस्तीला येणाऱ्या अंगठ्यांत त्याच मापाच्या सगळ्यात जास्त असतात. दोरा ताणला जातो, चामडीत रुततो, तिरका बसतो. हिशेब बघा. अमेरिकी मापात ६ नंबरच्या अंगठीचा आतला व्यास साधारण १६.५ मिलिमीटर, ७ नंबरचा १७.३. व्यासात ०.८ मिमीचा फरक, म्हणजे परिघात सुमारे अडीच. दोरा मोजताना एक-सव्वा मिमी इकडेतिकडे झालं की अर्धा नंबर गेलाच.

त्यापेक्षा तिची एखादी अंगठी उचला, पण ती कोणत्या हाताच्या कोणत्या बोटात घालते ते आधी बघून ठेवा. तर्जनीतली अंगठी अनामिकेचं माप सांगत नाही. ज्या हाताने माणूस कामं करतो त्या हाताची बोटंही बहुधा किंचित जाड असतात. आतला व्यास मोजा, बाहेरचा नाही. व्हर्नियर मिळाला तर छान. नाहीतर कागदावर अंगठी ठेवून आतून बारीक पेन्सिलीने गोल काढा. साबणाच्या वडीवर दाबून ठसा घेणारेही भेटले आहेत, पण तसं केलं तर अंगठी नीट धुऊन परत ठेवा. कोंदणात साबण राहिला की चोरी पकडली जाते.

वाचनमात्र

पहिल्याच प्रतिसादाला साबण लावला माझ्या. पुन्हा वाचनमात्र होतो.

सांजवात

अहो थांबा, जाऊ नका. दोरा बदनाम आहे पण कागदाची बारीक पट्टी बरी पडते, ती ताणली जात नाही. पण माप नुसतं बोटाच्या बुडाशी न घेता सांध्यावरही घ्या. माझा सांधा बोटापेक्षा बराच जाड आहे. बुडाच्या मापाची अंगठी माझ्या सांध्यावरच अडकते, आणि सांध्याच्या मापाची घातली की खाली जाऊन गरगर फिरते, खडा सारखा तळहाताकडे. दोन्हींच्या मधलं माप घ्यावं लागतं.

आणखी एक. बोटं दिवसभर एकसारखी नसतात. थंडीत आकसतात, उन्हात, व्यायामानंतर आणि संध्याकाळी फुगतात. सकाळी गारठ्यात घेतलेलं माप उन्हाळ्यात रडवेल.

टाकणखार

अगदी. आणि पट्टा रुंद असेल तर तेच माप घट्ट वाटतं, सहा-आठ मिमीच्या वळ्याला अर्धा नंबर वाढवून घ्यावा लागतो. खात्री नसेल तेव्हा किंचित मोठी घ्या. सैल अंगठी त्या वेळेपुरती तरी बोटात जाते. घट्ट सांध्यावर अडली तर फोटोत तुम्ही ढकलताना दिसता.

दीडशहाणा

अजून माझाच पर्याय सगळ्यात स्वस्त, टिकाऊ आणि कुठल्याही बोटाला बसणारा आहे, याची सभेने नोंद घ्यावी.

निवांत

एक बाब कोणी लिहिली नाही: निकेलची ॲलर्जी. स्वस्त खोट्या दागिन्यांत निकेल असतं आणि अनेकांना त्याने खाज सुटते, पुरळ येतो, अंगठीखालची त्वचा ओली होऊन सोलवटते. युरोपीय संघाने त्वचेला लागून राहणाऱ्या वस्तूंतून किती निकेल झिरपावं यावर १९९४ मध्येच मर्यादा घातली, इतकी ही तक्रार सर्रास आहे. तिने कधी खोटं कानातलं घालून कानाला त्रास झाल्याचं सांगितलं असेल तर सावध व्हा. ९२५ चांदीत सहसा निकेल नसतं, पण वर झगमगीत पाणी चढवलेलं असेल तर खाली कसला थर आहे ते विचारून घ्या. आणि हे खऱ्या अंगठीलाही लागू आहे. पांढऱ्या सोन्याच्या काही मिश्रणांत निकेल असतं. म्हणजे तात्पुरत्या अंगठीने बोटाची एक चाचणीही होऊन जाते.

पाटीपेन्सिल

@कातळ, 'गंभीर क्षण' आणि 'एकच नीट अंगठी' याबद्दल थोडा इतिहास. रोमन लेखक प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवलंय की रोममध्ये वाग्दत्त वधूला लोखंडाची अंगठी पाठवत, तीही बिनखड्याची. लोखंड गंजतं. कायमस्वरूपी टिकण्याचा आग्रह तेव्हा नसावा. हिऱ्याच्या अंगठीची एक जुनी नोंद १४७७ ची सांगतात, ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने बर्गंडीच्या मेरीला दिलेली. पण तो राजघराण्यांचा मामला. सामान्यांपर्यंत हिरा पोचला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण आफ्रिकेतल्या खाणी निघाल्यावर, आणि हिरा म्हणजे जन्मोजन्मीचं प्रेम हे समीकरण घट्ट झालं ते डी बिअर्स या हिरे कंपनीच्या जाहिरातीतल्या 'अ डायमंड इज फॉरेव्हर' या १९४७ च्या ओळीने. ती ओळ लिहिणाऱ्या फ्रान्सिस गेरेटी यांनी स्वतः लग्नच केलं नाही. तेव्हा 'अशीच अंगठी हवी' हा नियम आपण समजतो तितका जुनापुराणा नाही.

कातळ

इतिहास कळला, आभार. लोखंडाची असली तरी त्यांनी एकच दिली ना? माझा आक्षेप धातूवर नाहीच, दोनदोन अंगठ्यांवर आहे. पहिली दिली तेव्हाच्या भावना दुसऱ्या अंगठीत कशा उतरणार? दुसरी म्हणजे नुसती खरेदी.

सांजवात

नुसती खरेदी? आमची तीच आठवण जास्त रसाळ आहे. विचारण्याचा प्रसंग दोन मिनिटांत आटोपला, दोघंही इतके घाबरलेलो की कोण काय बोललं ते आजही एकमताने सांगता येत नाही. अंगठीची शोधाशोध मात्र कित्येक शनिवार चालली. एका दुकानात विक्रेत्याने मला 'यांना परवडेल असं दाखवू का' विचारलं, त्यावर हा जो काही लाल झाला! दागिन्यांवर आमचं पहिलं कडाक्याचं भांडणही तेव्हाच झालं आणि लग्नाआधी पैशांबद्दल उघड बोलायची सवयही तेव्हाच लागली.

अवखळ

बाजूला एक प्रश्न. मॉइसनाइट उल्केतून येतं हे खरं का? खरं असेल तर मला तात्पुरतीच काय, कायमची अंगठीही तीच हवी.

पाटीपेन्सिल

अर्धं खरं. आँरी म्वासाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला १८९३ मध्ये ॲरिझोनातल्या उल्काविवराजवळच्या नमुन्यांत हे स्फटिक दिसले. आधी त्यांना ते हिरेच वाटले, मग ते सिलिकॉन कार्बाइड असल्याचं त्यांनीच ओळखलं. म्हणजे खड्याच्या जन्मकथेतच 'हिरा समजलो, निघालं भलतंच' हे आहे! पण निसर्गात मिळतं ते अगदी बारीक आणि दुर्मीळ. दागिन्यातला प्रत्येक मॉइसनाइट प्रयोगशाळेतच वाढवलेला असतो.

टाकणखार

आणि गंमत म्हणजे साध्या हिरा-परीक्षकालाही तो फसवतो. ते यंत्र खड्यातून उष्णता किती झटकन वाहते ते बघतं. हिरा उष्णतेचा फार चांगला वाहक, मॉइसनाइटही बराच चांगला, त्यामुळे यंत्र हिरा म्हणून मोकळं होतं. अमेरिकन डायमंड मात्र तिथेच पकडला जातो. मॉइसनाइट ओळखायला विजेची वाहकता तपासणारं यंत्र लागतं, किंवा भिंगातून तिरकं बघितलं की मागचे पैलू दुहेरी दिसतात. नुसत्या डोळ्यांनीही थोडं कळतं. त्याच्यातून फुटणारी रंगांची ठिणगी हिऱ्याच्या दुपटीहून जास्त असते. काहींना ती भडक वाटते, काहींना त्याचंच वेड.

पण तात्पुरतीसाठी मॉइसनाइट घ्या असं मी म्हणणार नाही. चांगला मॉइसनाइट जन्मभर टिकतो. तो घेतलात की ती खरीच अंगठी झाली, फक्त तिला न विचारता घेतलेली.

अवखळ

हे शेवटचं वाक्य धागाकर्त्याने पाकिटात लिहून ठेवावं.

गुपचूप

मी एक मधला मार्ग सुचवतो. अंगठी नकोच, सुटा खडा द्या. खडा तुम्ही निवडायचा, कोंदण तिने. अर्धं सरप्राइज, अर्धी निवड.

भुईचाफा

ऐकायला छान आहे, पण दिसण्यातला मोठा भाग खडाच ठरवतो. गोल, लंबगोल, चौकोनी, मोठा, नाजूक, हे सगळं खड्यातच ठरून गेलं. माझ्या त्या चौकोनी खड्याला कितीही सुंदर कोंदण केलं असतं तरी तो चौकोनीच राहिला असता. शिवाय सुटा खडा गवतात किंवा वाळूत पडला तर तुमचा उरलेला दिवस शोधण्यात जाणार.

मुळाक्षर

घरातली जुनी अंगठी तात्पुरती म्हणून देता येईल का? आईची किंवा आजीची. विकत घ्यायलाच नको आणि अर्थही आपोआप येतो.

सांजवात

@मुळाक्षर, ही कल्पना सगळ्यात भावुक आणि म्हणूनच सगळ्यात धोक्याची. बाजारातली चांदीची अंगठी 'आता दुसरी घेऊ' म्हणून बाजूला ठेवता येते. होणाऱ्या सासूची अंगठी कोण बाजूला ठेवणार? 'ही तात्पुरती हं' असं तुम्ही कितीही म्हणा, ती काढून ठेवणं म्हणजे नात्यात पहिलाच खडा. तिला नाही म्हणायची सोय राहावी म्हणून तर हा सगळा खटाटोप. घरची अंगठी द्यायची तर खुल्लमखुल्ला द्या, कायमची म्हणून, आणि ती तिला हवी आहे का हे आधी कळून घ्या.

मुळाक्षर

हा कोन लक्षातच आला नव्हता. बाद.

तिरपागडा

'नात्यात पहिलाच खडा'! आणि कठीणता थेट दहा.

निवांत

तात्पुरती न घेता खरीच घ्यायची आणि नाही आवडली तर बदलून घ्यायची, असाही एक मार्ग लोक वापरतात. तो वापरणार असाल तर अटी आधी वाचा. माप बदललं किंवा आत अक्षरं कोरली की बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत. आणि बदलून घ्यायची मुदत खरेदीच्या दिवसापासून धावायला लागते, विचारण्याच्या दिवसापासून नाही. धीर गोळा करण्यात महिना घालवलात तर मुदत संपलेली असेल.

रानफूल

मी मुलगी असून मीच विचारलं होतं, तेव्हा माझाही अनुभव घ्या. तो गिर्यारोहण करतो, धातूची अंगठी दोरावर, कड्यावर अडकली तर बोटाला गंभीर इजा होते. म्हणून सिलिकॉनची अंगठी दिली. ओढ पडली की तुटते, बोट शाबूत राहतं. तात्पुरती म्हणूनच घेतली होती, पण नंतर त्याने धातूची घेतली आणि कामाच्या, चढाईच्या दिवशी अजून सिलिकॉनचीच घालतो. तुमची ती हाताने काही काम करत असेल, यंत्रावर, प्रयोगशाळेत, दवाखान्यात, सतत हातमोजे घालावे लागत असतील, तर तात्पुरतीला पुढेही नोकरी मिळते. उंच खडा हातमोज्यात अडकतो. सपाट वळं बघा.

आळशीराव

आम्ही तात्पुरती म्हणून चांदीचं साधं वळं घेतलं. खरी नंतर घ्यायची होती. नंतर घर बघायचं होतं, मग मूल, मग मुलाची शाळा. मुलगा आता कॉलेजात आहे. वळं बोटातच आहे. बायकोला विचारलं, खरी घ्यायची का? म्हणाली, ही खोटी आहे का?

कातळ

बघा! हेच मी म्हणत होतो, एकच अंगठी.

आळशीराव

तुम्ही म्हणत होतात ती महागाची होती.

भुईचाफा

गंमत सोडा, पण आळशीरावांच्या अनुभवातून एक काम निघतं. तात्पुरती अशी घ्या की उद्या तीच राहिली तरी कोणाला कमीपणा वाटू नये. गमतीची म्हणून प्लास्टिकची किंवा लुकलुकणारी दिलीत तर ते हसू एका संध्याकाळचं. पुढचे दोन-तीन महिने खरी ठरेपर्यंत ती घालणार काय? लोक हात बघायला मागतात, मागतातच. तेव्हा दाखवायला काहीतरी असावं.

दीडशहाणा

बरं, मी माघार घेतो. हात बघायला मागतात हे मला माहीत नव्हतं. माझा हात कोणी मागितलेला नाही.

उंबरठा

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. मधले दिवस गायब होतो कारण मोहिमेवर होतो. ती उजव्या अनामिकेत एक अंगठी कधीकधी घालते, ती मिळाली. आतला व्यास १६.९ मिमी भरला. मला अंगठी डाव्या हातासाठी हवी आहे, आणि ती उजव्या हाताने काम करणारी.

ठरलं ते असं. ९२५ चांदी, बारीक वळं, त्यात छोटा निळा स्पिनेल, भोवती चांदीची पूर्ण चौकट. हिऱ्याशी गल्लत होणं शक्य नाही. निळा तिचा आवडता रंग, पण जन्मभराच्या अंगठीत तिला निळा हवा असेलच असं मी धरून चाललेलो नाही. 'खरी तू निवडायचीस' हे वाक्य दुसरंच असेल. पहिलं काय असेल ते तुम्ही ओळखलंच. नंतर ती उजव्या हातात घालायची की डब्यात ठेवायची हे तिचं ती बघेल. कातळ, तुमचा मुद्दा मला कळतो, पण माझ्या मते एकट्याने निवडलेली एक यापेक्षा दोघांच्या मिळून दोन बऱ्या.

टाकणखार, माप कोणतं घेऊ? आणि शेवटचा प्रश्न: डबीचा खिशात जो फुगवटा दिसतो त्याचं काय करतात?

टाकणखार

१६.९ म्हणजे साडेसहा. डावं बोट किंचित बारीक धरलं तरी साडेसहाच घ्या, बारीक वळं असल्याने थोडं सैल चालेल. सहा घेऊन सांध्यावर अडवू नका. कारागिराला आधीच विचारून ठेवा की पुढे माप बदलायचं झालं तर खड्याला धग न लावता करता येईल का.

डबी घेऊच नका. मऊ कापडाची छोटी पिशवी घ्या आणि शर्टाच्या आतल्या किंवा बटणाच्या खिशात ठेवा. किल्ल्यांच्या खिशात मुळीच नको, चांदी मऊ असते, ओरखडे पडतील.

तिरपागडा

किल्ल्यांची कडी आधीच घेतली असती तर हा प्रश्नच आला नसता.

सांजवात

पाण्याच्या कडेला, पुलावर, गच्चीच्या कठड्यापाशी विचारू नका एवढं ऐका. घाबरलेल्या माणसाची बोटं काय पकडतील याचा नेम नसतो.

वाचनमात्र

निकाल इथेच कळवा. मी वाचतोय.